बिडाचा नांगर

वळीव कोल्हापुरात येत नाही, अंगावर धावून येतो. दुपारभर मंगळवार पेठ उन्हानं भाजून निघते, कुत्री गटाराच्या कडेला जीभ काढून पडतात, पंख्याचं वारंसुद्धा गरम लागतं. मग पूर्वेकडं आभाळ काळंनिळं होतं, मार खाल्लेली पाठ होते तसं. पहिला झोत धुळीचा. त्याच्या मागोमाग पत्रे. समोरच्या माडीवरचा पत्रा एका खिळ्याला लोंबकळत थाडथाड आपटायला लागतो, कुणाची तरी पाण्याची टाकी गच्चीवरून गडगडत जाते, बायका वाळवणं गोळा करत एकमेकींच्या नावानं ओरडतात. आणि गारा. गारा पडल्या की पोरं आनंदानं नाचतात असं शाळेच्या पुस्तकात असायचं. आमच्या गल्लीत गारांनी रिक्षांच्या काचा फुटतात.

पत्रा वाजला की आण्णा उठतात. आण्णा म्हणजे माझे वडील. गुडघे कुरकुरत असले तरी जिना चढून गच्चीवर जातात आणि वाऱ्याकडं तोंड करून उभे राहतात. डाव्या हातानं कठडा घट्ट धरलेला. उजवा नुसता टेकवलेला, कारण त्या हाताची मूठ आता वळत नाही. मी खालून ओरडते, "आण्णा, खाली या. पत्रा येऊन बसंल मानंवर."

"गप. वारं फिरालंय," ते वरून म्हणतात.

मी पायरीवर उभी राहून वाट बघते. आम्हा दोघांचं आणि ह्या वाऱ्याचं जुनं वैर आहे. एका वैशाखात त्यानं आम्हाला जवळजवळ मारलंच होतं. त्याच्या आधीच्या दिवाळीपासून आम्ही बापलेक एका छोट्या शिडाच्या बोटीवर राहत होतो. वाऱ्याच्या आधी आम्हीच एकमेकांना मारू, अशी मला खात्री होती.

कोल्हापूरच्या माणसाला बोट कशाला हवी, हे अख्ख्या पेठेनं विचारून झालं आहे. आमच्याकडं पाणी म्हणजे रंकाळा, फार तर पंचगंगेचा पूर. पण आण्णांची उद्यमनगरात फाउंड्री होती. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं काम. पंपांची कवचं, यंत्रांचे पाय, आणि कोकणातल्या मच्छीमारांच्या बोटींवर जाळी ओढायच्या यंत्राचे भाग. ते बसवायला आण्णा देवगडला जायचे. तिथं कधीतरी एक शिडाची नाव खाडीतून आवाज न करता बाहेर पडताना त्यांनी पाहिली, आणि ती डोक्यात रुतून बसली. आई गेल्यावर त्यांनी ओतकाम बंद केलं, शेडमध्ये लोखंडी पत्रे आणून टाकले आणि वेल्डिंग सुरू केलं. शीड कसं चढवायचं, दोर कसा ताणायचा, ते सगळं मोबाईलवर कुण्या गोऱ्या माणसाचे व्हिडिओ बघून शिकले, एक अक्षर न कळता.

"आण्णा, भाषा तरी कळती का त्याची?" मी विचारलं होतं.

"भाषा कशाला? हात बघायचा माणसाचा. हात खोटं बोलत न्हाय."

हे आमच्या घरात कुणाला सांगायची गरज नव्हती. आण्णांचा हात पेठेत प्रसिद्ध होता. तरुणपणी तालमीत घडलेला, पुढं भट्टीपुढं भाजलेला. दादाला, मला, फाउंड्रीतल्या माणसांना, सगळ्यांनाच त्याची चव माहीत. आईला सगळ्यांत जास्त. एक दिवस मला लख्ख आठवतो. मी नुकतीच शाळेतून आलेली, आण्णा जेवायला बसलेले. पहिल्याच घासाला "आमटी आळणी हाय" म्हणून त्यांनी ताट उचललं आणि भिंतीवर मारलं. स्टीलचं ताट, त्याचा काठ चेमटला. मग त्यांनी आईला मारलं. किती ते मी मोजलं नाही, मी मांडणीला चिकटून उभी होते. ते निघून गेल्यावर आई जरा वेळ भिंतीला टेकून बसली, मग फडकं घेऊन भिंतीवरची आमटी पुसायला लागली. मी तिच्या हातातलं फडकं घ्यायला गेले तर म्हणाली, "राहू दे. मी करतो की." आमच्याकडं बायका असंच बोलतात, मी करतो, मी जातो. तिनं ताट घासलं आणि पुन्हा मांडणीवर लावलं. मी लग्न का केलं नाही असं लोक विचारतात तेव्हा मी काहीतरी थातूरमातूर सांगते. खरं कारण त्या मांडणीवर होतं.

बोट तयार झाल्यावर आण्णांनी तिच्या अंगावर पांढऱ्या रंगात नाव घातलं, सुमन. आईचं नाव. माझं डोकं फिरलं. आई कोडोलीची, लहानपणी वारणेच्या पुरात घराच्या भिंती पडताना बघितलेली. एसटी पुलावर आली की ती डोळे मिटून घ्यायची. मी आण्णांना तोंडावर म्हटलं, "जन्मभर तिला घरात चेचलंत, आता समुद्रात न्हेऊन बुडवताय व्हय?"

"माझ्या बायकोचं नाव हाय," आण्णा म्हणाले. "तुझ्या आईचं नाव कशावर घालायचं आसंल तर तू घाल की. कुणी अडीवलंय?"

अशा माणसाशी भांडायचं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. मी बोलायचं सोडून दिलं. बोट ट्रकवर चढली, दोरखंडांनी बांधली आणि गगनबावड्याच्या घाटानं कोकणात देवगडला उतरली. वाटेत चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं म्हणे, "पावणं, हे काय न्हेताय?" आण्णा म्हणाले, "घर."

आणि खरंच ते तिथं राहायला लागले. दिवाळी झाली तरी परतायचं नाव नाही. दादाचा मला फोन आला. "लोक हसालेत, वैजू. बाप पाण्यात ऱ्हातोय. तू मोकळी हाईस, जा आन घिऊन ये." मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते, दिवसभर कॉम्प्युटरपुढं मान मोडते, पण लग्न नाही म्हणजे बाई मोकळी. मी दोन दिवसांचे कपडे घेऊन गेले.

पहिल्या संध्याकाळी आण्णांनी भात केला, आमटी केली, आणि पाटाएवढ्या फळीवर जेवायला वाढून घेतलं. त्यांच्या पुढ्यात ते ताट होतं. घरातून भांडी उचलताना आलं असणार. चेमटलेला काठ त्यांच्या अंगठ्याखाली होता.

"हे ताट आठवतंय का, आण्णा?"

"कसलं ताट?"

"भिंतीवर मारलेलं. आमटी आळणी म्हणून."

त्यांनी ताट फिरवून बघितलं. "न्हाय बा," म्हणाले आणि जेवायला लागले.

त्यांना परत न्यायला मी गेले होते, राहिले ती ह्या उत्तरामुळं. ज्याचे वळ मी आईच्या पाठीवर बघितले होते ते ह्या माणसाच्या ध्यानातच नसावं? मी ठरवलं, ते त्यांना आठवायला लावायचं आणि माझ्यासमोर बोलायला लावायचं. पेठेत ते जमलं नसतं. तिथं विषय निघाला की ते चपला घालून तालमीकडं निघायचे. बोटीवरून चपला घालून कुठं जाणार?

बोटीवर राहण्याचं कौतुक ज्यांना वाटतं त्यांनी एकदा राहून बघावं. आत सरळ उभं राहता येत नाही. पहिल्या आठवड्यात माझ्या कपाळावर इतकी टेंगळं आली की आरशात बघवेना. झोपायची फळी माझ्या खांद्यांपेक्षा थोडी रुंद, कूस बदलायची तर उठून बसायचं. तळाशी पाणी साचून कुजायचं, त्यात डिझेल, त्यात सुकलेली मासळी, त्यात आमचा कांदालसूण मसाला. ह्या सगळ्याचा मिळून एक वास तयार झाला होता, तो माझ्या केसांतून पुढं कित्येक दिवस गेला नाही. समुद्राच्या पाण्यानं अंघोळ करायची आणि शेवटी एक तांब्या गोडं पाणी. कपडे वाळायचेच नाहीत, मिठानं चरचरायचे, काखेत आणि मांड्यांत कातडं सोलून निघायचं. संडासाची सोय म्हणजे बादली आणि दोर, त्याहून जास्त लिहीत नाही. लॅपटॉप मी तांदळाच्या डब्यात ठेवायची. नेटवर्क फक्त बोटीच्या नाकाशी, तिथं पाय लोंबवून मीटिंग करायची. एकदा साहेबांनी विचारलं, "तुमची खोली हलतेय का?" मी म्हटलं, "घराचं काम चाललंय."

आण्णा कापशीची कातडी चप्पल घालून बोटीवर वावरायचे. कोल्हापूरच्या माणसानं अनवाणी हिंडायचं नाही म्हणे. खाऱ्या पाण्यानं चप्पल आधी फुगली, मग वाळून लाकूड झाली. ओल्या पत्र्यावरून ती सटकायची आणि आण्णा धाडकन पडायचे. पडले की शिव्या. शिव्या स्वतःला नव्हे, चपलेलाही नव्हे. बोटीला.

"हल की सटवे. अवदसे, सरळ चालायला काय झालंय तुला?"

मी आत भाजी चिरत असायची आणि माझी सुरी थांबायची. हेच शब्द आणि हाच आवाज. एकेक शिवी मला पाठ होती, कारण ती मी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकली होती. बोट वळली नाही की ते तिच्या अंगावर लाथ मारायचे. लोखंड घुमायचं आणि बाहेर सुमन हे नाव लाटांत खालीवर व्हायचं. मी बाहेर येऊन म्हणायची, "तिला शिवी द्यायची न्हाई." ते म्हणायचे, "बोट हाय ती." मी म्हणायची, "नाव पुसा, मग द्या." नाव त्यांनी पुसलं नाही आणि शिव्याही थांबवल्या नाहीत.

त्यातच समुद्राचा मार. शिडाला खालून धरणारा आडवा दांडा असतो, वारा फिरला की तो सुसाट फिरतो. मार्गशीर्षात एकदा तो माझ्या कानशिलावर बसला आणि मी पत्र्यावर उताणी पडले. तोंडात रक्ताची चव आली. आण्णा सुकाणू धरून बसले होते. म्हणाले, "वाकायचं, सांगितलंय न्हवं?" त्याच दिवशी त्यांनी गळाला लागलेली सुरमई वर घेतली आणि लाकडी मोगरीनं तिचं डोकं ठेचलं. ती हलायची थांबली तरी ते ठेचत होते. मी कान दाबून बसले होते आणि मला सारखं वाटत होतं, ह्या माणसाला थांबता येत नाही, कधीच आलं नाही.

आणि तरीही. हे लिहिताना माझाच मला राग येतो, पण लिहिलं पाहिजे. खाडीच्या बाहेर आलं की आण्णा इंजिन बंद करायचे. एक क्षण काहीच नसायचं. मग शीड फडफडायचं, पोट काढायचं, दोर करकरायचा आणि बोट कलून पुढं निघायची, कुणी न ढकलता. लोखंडाच्या खालून पाणी सळसळत जायचं, पायांना ते कळायचं. माघात सकाळची खाडी इतकी गुळगुळीत असायची की त्यावर पाय ठेवायची इच्छा व्हावी. कधी डॉल्फिनची जोडी बाजूला यायची, श्वास सोडायची, आणि आम्ही दोघं भांडण अर्धवट टाकून बघत राहायचो. चैत्रात किनाऱ्यावरच्या बागांतून पिकल्या हापूसचा वास पाण्यावर यायचा. अशा वेळी सुकाणूवर बसलेल्या आण्णांचा चेहरा बघवत नसे, इतका तो शांत असायचा. दोन बोटांनी सुकाणू धरलेलं, जरा इकडं, जरा तिकडं. हा माणूस इतका हलका हात ठेवू शकत होता तर इतकी वर्षं तो हात कुठं होता? मला ओरडून विचारावंसं वाटायचं. त्यांच्या रागाची मला सवय होती. हे हळुवारपण मला सहन व्हायचं नाही.

त्यांनी बोटीसाठी एक झुलती शेगडी केली होती. दोन कड्यांत टांगलेली, बोट कशीही कलली तरी शेगडी सपाट. भर लाटांत तिच्यावर आमटी उकळायची आणि एक थेंब सांडायचा नाही. आण्णांना तिचा फार अभिमान. "बघ," म्हणायचे, "बघ, सांडती का?" भिंतीवर आमटी मारणाऱ्या माणसानं आमटी सांडू नये म्हणून यंत्र केलं होतं. मी ते रोज बघायची आणि रोज तेच विचारायची. "ताट आठवलं का?" ते रोज म्हणायचे, "न्हाय."

तसाच त्यांना नांगराचा अभिमान. बोटीचा नांगर त्यांनी स्वतः ओतला होता, बिडाचा. फाउंड्रीतलं शेवटचं ओतकाम. जाडजूड, सुबक, दांड्यावर कमळ उठवलेलं. आता गंमत अशी की बीड दाब सोसतं, झटका सोसत नाही, हे मी आण्णांच्याच तोंडून ऐकत मोठी झाले. नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. बिडाच्या तुकड्यावर यंत्र ठेवून दाखवायचे, काही होत नाही. मग एक हातोडा मारायचे, दोन तुकडे. तरी स्वतःच्या बोटीला नांगर बिडाचाच. मी विचारलं तर म्हणाले, "पोलाद इकत घ्याचं व्हय मी? कोल्हापूरचा हाय मी. आन नांगराला दाबच आसतोय, झटका कुठला?"

"आईनं दोन्ही सोसलं," मी म्हटलं.

ते साखळी आवरायला लागले.

वैशाख लागला. दुपारी लोखंडी बोट तव्यासारखी तापायची. किनाऱ्यावर मासे विकणाऱ्या पार्वतीकाकू मला पाहिलं की म्हणायच्या, "अगो चेडवा, बापाशीक घेवन घराक जा. पावस इलो काय खाडी तुमका ओळखूची नाय." सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढून नारळीच्या झापांखाली गेल्या. आण्णा मात्र पावसाळाभर तिथंच राहायचं म्हणत होते. त्या दुपारी आमचं शेवटचं भांडण झालं.

"तुम्ही ऱ्हावा. मी चाललो," मी पिशवी भरत म्हटलं. चिडले की माझ्याही तोंडी आईची बोली येते. "एवढं एक वाक्य तुमच्या तोंडून येत न्हाई. दिवाळीपासनं ऐकालोय, न्हाय, न्हाय."

"तुझ्या आईनं कधी तक्रार केली न्हाय. तुला काय झालंय?"

"तिनं केली न्हाई म्हणून मी करतोय."

ते काही बोलणार होते, तेवढ्यात घाटाच्या बाजूनं उजेड गेला. आम्ही दोघांनी वळून बघितलं. सह्याद्री दिसत नव्हता. त्या जागी एक काळी भिंत होती आणि ती चालत येत होती.

पुढचं सगळं मोडतोडीचं आहे. वारा आला तो आडवा आला, खाडीचं पाणी सोलून उडवत. बोट नांगराभोवती गरकन फिरली, साखळी ताणली, सैल झाली, पुन्हा ताणली. प्रत्येक हिसक्याला आतली भांडी भिंतीवर आदळत होती. मग एक हिसका असा आला की मी तोंडावर पडले, आणि त्यानंतर हिसका आलाच नाही. बोट मोकळी झाली होती. मागं खाडीच्या तोंडाशी काळा कातळ होता आणि वारा आम्हाला तिकडंच रेटत होता. मी इंजिनाची दोरी ओढून खांदा निखळायची वेळ आणली. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं.

आण्णांनी साखळी वर ओढली. टोकाला नांगराचा दांडा तेवढा होता, कमळासकट. खालचे फाळ तुटून गेले होते. आणि त्या वाऱ्यात, कातळ अंगावर येत असताना, माझ्या बापानं ती तुटलेली करडी जागा अंगठ्यानं चोळून बघितली.

"आत पोकळी न्हाय बघ," ते मला ओरडून म्हणाले. "ओतकामात खोट न्हाय."

"दुसरा टाका, आण्णा."

दुसरा नांगर छोटा होता, चार नख्यांचा, गावातच घेतलेला. तो त्यांनी टाकला, पण दोर बोटीच्या खुंट्याला बांधायच्या ऐवजी स्वतःच्या उजव्या मुठीला वेढे देऊन धरला. पाडव्याला गवळी म्हशी पळवतात ना, उधळलेल्या म्हशीचा कासरा मुठीला गुंडाळून पाय रोवून उभं राहायचं, तसं. आमच्या गल्लीत तीच मर्दानगी. म्हैस थकते, पण बोट थकत नाही. नांगर रुतला, दोर ताणला, आणि आण्णांची मूठ खुंट्यावर जाऊन आदळली. दोर आणि लोखंड यांच्या मध्ये ती चिरडताना मला दिसत होती. रक्त यायच्या आत पाऊस ते धुऊन नेत होता.

"ढील द्या. खुंट्याला घ्यायचाय मला."

"मी धरतोय. सरक मागं."

"हात तुटंल. आण्णा, ढील द्या."

"सरक म्हनतोय न्हवं, भवाने."

नांगर घसरत होता. एकट्या हातानं बोट थांबणार नव्हती, आणि त्या हाताला ते सुटणार नव्हतं. मला कातळावरचे शिंपले दिसत होते. मी त्यांच्या तोंडात मारली. सगळ्या ताकदीनं, उघड्या पंजानं, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना अरेतुरे केलं. "सोड. सोड म्हणतोय तुला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, कुणीतरी आपल्याला मारू शकतं ह्याचं. मूठ सैल पडली. दोर सुटून धावला, माझे तळवे सोलत. मी खुंट्याला वेढे घातले आणि अंगानं दाबून धरले. बोट एवढ्या जोरानं थांबली की दात वाजले. मग ती तोंड फिरवून वाऱ्याकडं बघत उभी राहिली. नांगर धरला होता. गारा पडायला लागल्या, पत्र्यावर नुसता कल्लोळ. आण्णा तुटका हात छातीशी धरून बसले होते. सगळं संपलं होतं, आम्ही वाचलो होतो. मी त्यांच्याजवळ गेले आणि आणखी एक मारली.

त्या दुसरीची गरज नव्हती. मला तिचा पश्चात्ताप झाला नाही आणि आजही होत नाही. फक्त तळहात झणझणत होता तेव्हा मी त्याच्याकडं बघितलं, आणि तो मला ओळखीचा वाटला. रुंद पंजा, आखूड बोटं. आण्णांचाच. त्याची भीती वाटली, ती अजून जात नाही. घरात कामवाल्या बाईच्या हातून कप फुटला तरी मी आधी हात मागं बांधते आणि मग बोलते.

वारा पडल्यावर गावातल्यांनी आम्हाला होडीतून किनाऱ्यावर नेलं. हात कोल्हापुरात आणून बसवला, हाडं जुळली, पण बोटं काही पूर्ण वळली नाहीत. बोट पुन्हा ट्रकवर चढून घाट चढली आणि उद्यमनगरच्या शेडमध्ये लाकडी ओंडक्यांवर उभी राहिली. आण्णा पेठेतल्या घरी आले. दादाला वाटतं मी त्यांना आणलं. आम्ही दोघं त्या संध्याकाळविषयी एक शब्द बोललो नाही. मीही ताटाचं विचारायचं सोडलं. ताट परत मांडणीवर आलं, आण्णा त्यातच जेवतात, डाव्या हातानं.

असे तीन वैशाख गेले. काल पुन्हा वळीव आला. समोरचा पत्रा सुटला, वीज गेली, गारांनी अंगण पांढरं झालं. आण्णा गच्चीवरून भिजून खाली आले. मी त्यांना टॉवेल दिला, ताट वाढलं. बाहेर पत्रा आपटत होता. त्यांनी भात कालवला, घास घेतला नाही.

"वैजे, पयली कळली मला," ते म्हणाले. "दोरासाठी हुती. दुसरी कशाची?"

मी आमटीचं पातेलं खाली ठेवलं. "ह्या ताटाची."

ते चेमटलेल्या काठाकडं बघत बसले. उजवा हात मांडीवर होता. त्याची मूठ वळवायचा ते प्रयत्न करत होते. मग खाली मान घालूनच बोलले.

"आमटी आळणी न्हवती त्या दिवशी."

मी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"मीठ बरोबर हुतं. फाउंड्रीत भट्टी फुटलेली, सगळा माल गेलेला. घरी येतानाच ठरीवलंतं मी, मारायचं म्हनून. आमटी नुसती पुढ्यात आली."

म्हणजे सगळं आठवत होतं. पहिल्या संध्याकाळी ताट फिरवून बघताना, रोज न्हाय म्हणताना, प्रत्येक वेळी आठवत होतं. ज्या वाक्यासाठी मी मिठात सोलून निघाले, ते पुढ्यात आलं होतं आणि मला त्याचं काय करायचं ते सुचेना. हात उचलावासा वाटला. मी दोन्ही हात ओट्याच्या कडेला धरून उभी राहिले.

"मला कशाला सांगताय?" मी म्हटलं. "तिला सांगायचं हुतं."

ते "व्हय" म्हणाले आणि जेवले. सगळं जेवले.

आज सकाळी मी उठले तेव्हा गल्लीत तुटलेल्या फांद्या पडल्या होत्या आणि पत्रा गटारात होता. आण्णांची खोली रिकामी होती. मांडणीवर ते ताट नव्हतं. थोड्या वेळानं शेडच्या राखणदाराचा दादाला फोन आला, दादाचा मला. "आण्णा बोटीत जाऊन बसल्यात म्हणं," दादा म्हणाला, "आतनं कडी लावलीया, एकटंच बोलालेत. तू जा आन घिऊन ये त्यांना."

मी चहा ठेवला. त्यांना आणायला मी गेले नाही.